चढ नसलेलं बेट

आमच्या घरी सुट्टीत कुठे जायचं ते बाबा ठरवायचा आणि तिथे कसं जायचं ते आई. ही वाटणी कुणी मुद्दाम केलेली नव्हती, ती होऊन गेली होती. जेवणं झाली की बाबा टेबलावरची ताटं एका बाजूला सारून लॅपटॉप उघडायचा, नकाशात शिरायचा आणि आठवडेच्या आठवडे तिथून बाहेर यायचा नाही. आई ओट्यापाशी उभी राहून विचारायची, "पोचलास का कुठे, मिलिंद?" आणि तो मान वर न करता म्हणायचा, "अजून घाटातच आहे." सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या त्या फ्लॅटमध्ये खिडकी उघडी असली की उंच रुळांवरून एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, गाडी सरकत गेल्याचा आवाज यायचा, आणि वारा तिकडून असला तर शिपयार्डमधली ठोकाठोक. पहाटे समोरच्या झाडावर कोकीळ इतका ओरडायचा की आई उशी कानावर दाबून त्याला शिव्या द्यायची. पुण्यात याचं कौतुक करणाऱ्यांनी एक महिना आमच्याकडे राहायला यावं, म्हणायची.

उन्हाळा या शब्दाला सिंगापुरात काही अर्थ नाही. बारा महिने तोच घाम, तोच संध्याकाळचा पाऊस, कपाटातल्या चामड्याच्या बुटांवर तीच बुरशी. शाळेला जूनमध्ये सुट्टी मिळायची, एवढाच आमचा उन्हाळा. बाबाला मात्र खरा हवा होता, थंड देशातला, रात्री उशिरापर्यंत उजेड राहणारा. कोथरूडहून कॉलेजला सायकलवर जाण्यात त्याची तरुण वर्षं गेली होती आणि मित्रांशी पैज लावून तो सिंहगडाचा घाट सायकलवर चढला होता. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की दादा आणि मी त्याच्या आधी शेवट सांगायचो. सिंगापुरात त्याच्याकडे एक निळी स्टीलची सायकल होती, ती तो लिफ्टमधून उभी करून वर आणायचा आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवायचा. दर रविवारी सकाळी तो आणि मी पार्क कनेक्टरवरून, म्हणजे झाडांखालून जाणाऱ्या सायकलींच्या वाटेवरून, लांबवर जाऊन यायचो. परतताना हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, थांबून प्राटा, म्हणजे तिकडचा पराठा, खायचो. बाकीचे लोक प्राटा माशाच्या रश्श्यात बुडवायचे, बाबा साखरेत. टपरीवरचा माणूस लांबून आम्हाला बघितलं की आधीच साखरेची बशी काढून ठेवायचा.

आयर्लंड त्याच्या डोक्यात फार जुनं होतं. बाबा ज्या बँकेत होता तिचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये होतं. मी लहान असताना त्या बँकेने त्याला डब्लिनला पाठवलं होतं. तिथे त्याने शनिवार-रविवारीसुद्धा काम केलं, ऑफिस आणि हॉटेल यांच्यामधला एक ओला रस्ता पाहिला आणि परत आला. तेव्हापासून कुणी कुठल्याही देशाचं नाव काढलं की तो म्हणायचा, "आयर्लंड राहून गेलं." मी सेकंडरी थ्रीमध्ये, म्हणजे नववीत, होते त्या वर्षी त्याने एका रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं की जूनमध्ये आपण आयर्लंडला सायकली चालवायला जाणार. देशाचा सगळा पश्चिम किनारा, वरून खाली. आईला सायकल येत नव्हती. "मी मागून बसने येईन," ती म्हणाली, "तुमची हाडं गोळा करत."

मी आता बाबाच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. हे लिहिताना मला त्याच्या आवाजातला आनंद आठवतो आणि त्याच वेळी हेही आठवतं की त्या दिवसांत त्याची चप्पल सुटायला लागली होती.

डाव्या पायातली. कॉरिडॉरमध्ये चालता चालता ती मागे राहायची आणि त्याला कळायचंही नाही. एकदा शेजारच्या चिनी आंटी दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात त्याची चप्पल घेऊन. आम्ही सगळे पोट धरून हसलो, बाबासुद्धा. मग त्याने पट्ट्याच्या सँडल घेतल्या. मग एक आवाज सुरू झाला. पाय उचलून ठेवण्याऐवजी तो खाली पडायचा, थप, आणि मग दुसरा पाय नेहमीसारखा. लिफ्टचं दार उघडल्यापासून आमच्या दारापर्यंत तो आवाज यायचा. मी अभ्यासाच्या टेबलाशी बसून तो ऐकायचे आणि कुकरचं झाकण काढायला आईला हाक मारायचे, बाबा आला म्हणून. तो घरी येतोय याचीच ती खूण झाली, त्यात काही वाईट असेल असं माझ्या मनात आलं नाही. अजूनही जिन्यात कधी माझा पाय घासला तर मी असेन तिथे थांबून ऐकत राहते.

चिनी नवीन वर्षाची सुट्टी झाली आणि बाबाने बेत बदलला. अख्खा किनारा फार होतो, एकाच ठिकाणी राहून रोज थोडं थोडं फिरू. त्याने अकिल नावाचं एक मोठं बेट काढलं. पुलावरून तिथे जाता यायचं, आणि समुद्राच्या कड्यावरून वळत जाणारा एक रस्ता होता. तो रस्ता पडद्यावर बघून मी वेडीच झाले. मैत्रिणींना फोटो दाखवले. पण काही आठवड्यांनी तो रस्ताही गेला. "चढ फार आहेत तिथे," बाबा म्हणाला. मी हसले. सिंहगड चढलेला माणूस चढाला कंटाळतो? तो बोटाने पडदा सरकवत राहिला. मग इनिशमोर आलं, समुद्रात आत असलेल्या तीन बेटांमधलं मोठं, जिथे मोटारी जवळजवळ नाहीत आणि सगळेच सायकलवर फिरतात. बाबा वरून घेतलेले फोटो मोठे करून करून बघायचा. राखाडी जमीन आणि तिच्यावर दगडी कुंपणांची जाळी, एकाला लागून एक, समुद्रापर्यंत. आई त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "दगडच दगड. देशावर काय कमी आहेत दगड?"

दादा त्या वर्षी नॅशनल सर्व्हिसमध्ये होता. आम्ही पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, होतो, त्यामुळे अठरा झाल्यावर त्यालाही दोन वर्षं सैन्यात घालवायची होती. शनिवारी तो कॅम्पमधून घरी यायचा, तासलेलं डोकं आणि धुवायचे कपडे घेऊन, आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. आई त्याच्यासाठी दोन दिवस स्वयंपाक करत राहायची. एका रविवारी मी त्याला सोडायला खाली बसस्टॉपवर गेले. पाऊस नुकताच थांबला होता. दादा बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसला होता आणि मी त्याला बेटांची तक्रार सांगत होते.

"आता म्हणे इनिशमोर. सगळं सपाट. तिथे आजीसुद्धा सायकल चालवेल. बाबा इतका घाबरट कधीपासून झाला?"

दादा आमच्याशी बोलायचा ते अर्धं इंग्लिशमध्ये, आणि कॅम्पमध्ये गेल्यापासून तर जास्तच. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "ऋजू, यू रियली डोन्ट नो, आह?"

"काय?"

"आईने मला सांगितलं लास्ट मंथ. तुला सांगू नको म्हणाली, तुझ्या टेस्ट आहेत म्हणून. बट धिस इज स्टुपिड, लाह. तू रोज घरात असतेस." त्याने बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला, मग सैल केला. "मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून मसल्सना जे सिग्नल जातात ते बंद होतात. आधी पाय. मग हात. मग बोलणं, गिळणं."

"मग औषध काय देतात?"

"एक गोळी आहे. थोडं स्लो होतं म्हणे."

"आणि थांबतं कधी?"

दादाने माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांचा मुलगा होता तो. "थांबत नाही," तो मराठीत म्हणाला. बस आली, तिने दार उघडलं, आणि तो चढला, कारण वेळेत परतला नाही तर शिक्षा झाली असती. खिडकीतून तो मला हाताने घरी जा, घरी जा, असं खुणावत राहिला.

मी वर गेले तर बाबा टेबलाशी बसला होता. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, म्हणाला, "हे बघ, इथे सील मासे उन्हाला येऊन बसतात." मी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्याला म्हटलं की छान आहे, आणि आत जाऊन आईशेजारी कणीक मळायला उभी राहिले. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने पिठाच्या हाताने माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. नळ सोडून ठेवला होता, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

त्यानंतर घरात लपवायचं काही उरलं नाही, आणि त्यामुळे घर सोपं झालं असं मात्र नाही. आता भांडण उघड झालं. आईला जूनमध्ये पुण्याला जायचं होतं. आजी-आजोबांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. तिचं म्हणणं, सगळ्यांना भेटून घे, तिथले डॉक्टर बघतील, आयुर्वेदाचं कुणी सुचवतंय तेही करून बघू. बाबा ऐकून घ्यायचा आणि परत नकाशाकडे वळायचा. एका संध्याकाळी तिने लॅपटॉपचं झाकण त्याच्या हातासमोर बंद केलं.

"मी काय बोलतेय, मिलिंद? आई-अण्णांना किती दिवस अंधारात ठेवणार?"

"सांगू. फोनवर सांगू."

"फोनवर? स्वतःच्या आईला?"

"पुण्याला जाऊन काय करू मी? कॉटवर बसू? एकेक जण येणार, चहा पिणार, माझ्या पायाकडे बघणार आणि दारातून बाहेर पडल्यावर डोळे पुसणार. लोकांनी मला बघायला यायला नकोय, शुभा. मला काहीतरी बघायला जायचंय."

"आणि तिथे पडलास तर? परक्या देशात, त्या दगडांत?"

"इथे बाथरूममध्ये पडतोच आहे," बाबा म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीच्या तळाशी असलेल्या मोकळ्या जागेत, कुणाच्या तरी लग्नाची तयारी चालली होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज वरपर्यंत येत होते.

शेवटी ठरलं की आधी इथेच बघू. पुलाव उबिनला जाऊ, तिथे दिवसभर सायकल चालवून बघू, आणि मग काय ते ठरवू. उबिन हे सिंगापूरच्या टोकाशी असलेलं छोटं बेट. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बमबोट मिळते, पुरेशी माणसं जमली की सुटते. डिझेलचा धूर, पाण्यावर तेलाचे चट्टे, आणि पलीकडच्या धक्क्यावर भाड्याच्या सायकलींच्या रांगा. आई थर्मास आणि पोह्यांचा डबा घेऊन आली होती, ती तिथल्याच एका दुकानाच्या बाकावर बसली. बाबाने स्वतःसाठी सायकल निवडली, सीट खाली करून घेतली, आणि चढला. चढायला वेळ लागला. पण एकदा पेडलवर पाय बसल्यावर तो खरंच जाऊ लागला. माझ्या पुढे, ताठ बसून, नारळाच्या झाडांमधून. "चालण्यापेक्षा हे सोपं आहे गं," तो मागे न बघता ओरडला. "हे शुभाला सांग!" ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते, कारण त्या पूर्ण वर्षात एवढाच वेळ मी त्याचा आजार विसरले होते.

जुन्या दगडखाणीकडून परत येताना उतार आहे. फार मोठा नाही, लहान मुलं तिथून पाय सोडून येतात. बाबा पुढे होता. त्याची सायकल वेग घ्यायला लागली तशी मी ओरडले, "ब्रेक, बाबा, ब्रेक!" मला त्याची बोटं दिसत होती. ती ब्रेकवरच होती. नुसती ठेवल्यासारखी. वळणावर सायकल सरळच गेली, रस्त्याकडेच्या गवतात, आणि तिथून खाली सिमेंटच्या नाल्यात. मी पोचले तेव्हा तो पाठीवर पडून झाडांकडे बघत होता. हनुवटी फुटली होती, कोपराचं कातडं लोंबत होतं. त्याला दुखत असावं, पण तो आश्चर्याने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत होता.

"दाबलाच जाईना," तो म्हणाला. "मी दाबत होतो, ऋजू. दाबलाच जाईना."

तोपर्यंत सगळे पायाबद्दल बोलत होते. हाताचं त्या दिवशी कळलं.

मागून आलेल्या एका व्हॅनवाल्याने आम्हाला सायकलींसकट धक्क्यावर आणून सोडलं. आई बाकावरून उठली.  थर्मासमधलं पाणी ओतून तिने जखमा धुतल्या, ओढणीने हनुवटी बांधली. बोट सुटल्यावर तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट धरून हळूहळू वाकवून बघितलं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, लहान बाळाचं बघतात तसं. बाबा दुसरीकडे समुद्राकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. आता पुणे.

त्यानंतरच्या शनिवारी मी उठले तेव्हा कोकीळ ओरडत होता आणि बाबाच्या खुर्चीवर आई बसलेली होती. नाकावर चष्मा, शेजारी गार झालेला चहा. ती एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला होती. हिशोब जुळत नसला की ती अशी बसायची, पाठ ताठ, ओठ मिटलेले.

"इकडे ये," ती म्हणाली. "हे काय लिहिलंय ते नीट वाचून सांग मला. या बाईचं इंग्लिश वेगळंच आहे."

तिने त्या तिन्ही बेटांवरच्या खोल्या देणाऱ्या बायकांना लॅपटॉपवरून पत्रं पाठवली होती. रस्त्याला उतार आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, भात मऊ शिजवून द्याल का. मोठ्या बेटावरच्या बाईने प्रामाणिकपणे कळवलं होतं की चढउतार आहेत. तिसऱ्या, सगळ्यांत लहान बेटावरच्या, म्हणजे इनिशीरवरच्या, बाईने लिहिलं होतं की टेकडी आहे पण तिच्यावर जायलाच हवं असं नाही. किनाऱ्याने जाणारा रस्ता सपाट आहे, आणि धक्क्यावर घोडागाडी मिळते.

"मग हेच," आई म्हणाली.

"आई, पण तू तर—"

"त्याला तिथे जायचंय ना? मग जिथे चढ नाही तिथे जायचं."

आतल्या खोलीतून थप आवाज आला. बाबा काठी टेकत बाहेर आला. हनुवटीवर टाके होते. त्याने उभ्यानेच वाकून ते पत्र वाचलं, मग नकाशावरचं ते बेट बघितलं. केवढंसं होतं ते.

"हे तर एका तासात फिरून संपेल," तो म्हणाला.

"मग हळू चालव," आई म्हणाली, आणि चहा गरम करायला आत गेली.

बाबा तिथेच खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने डाव्या हाताने चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि परत घालायला त्याला मला सांगावं लागलं.

जून येईपर्यंत त्याने ऑफिस सोडलं होतं. शब्द जाड झाले होते, फोनवर लोकांना वाटायचं की हा प्यायला आहे. पाणी पिताना ठसका लागायचा, म्हणून त्यात पावडर घालून घट्ट करून द्यावं लागायचं. आई त्याला मेतकूट-भात करायची, भरपूर तूप घालून, चमच्याने दाबून दाबून. तेच आमच्या घरी रोज शिजायचं, आम्ही सगळेच तेच खायचो. पुढे आई पुष्कळ वर्षं त्याच फ्लॅटमध्ये एकटी राहिली, आम्ही जायचो तेव्हा सगळं सगळं करून घालायची, पण मेतकूट तिने परत घरात आणलं नाही.

दादाला देशाबाहेर जायची परवानगी मिळणार नव्हती, त्याचं ट्रेनिंग चालू होतं. रात्रभराची सुट्टी घेऊन तो चांगी विमानतळावर सोडायला आला. बाबा विमानतळाच्या व्हीलचेअरमध्ये होता. दादाने खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, बांधलेल्याच होत्या त्या सोडून परत बांधल्या. "फोटो पाठव, हां," तो म्हणाला. बाबाने त्याच्या तासलेल्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी त्याच दादाने, कॅम्पमध्ये बोलावणं गेल्यावर, युनिफॉर्मवरच येऊन त्याला सिंगापुरातल्या मांडईच्या दाहिनीत निरोप दिला. पण तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की आपण सुट्टीला चाललो आहोत.

प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. विमानं, मग एक लांबलचक बस, मग एक उघडा धक्का आणि असा वारा की आईला बोलायला तोंड उघडता येईना. बोटीवरच्या दोन माणसांनी बाबाला दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून उचललं आणि आत ठेवलं, तो काही बोलायच्या आत. समुद्र शिशाच्या रंगाचा होता. बाबा खिडकीशी बसून बघत होता आणि आई त्याच्या तोंडाखाली पिशवी धरून बसली होती, त्याला उलटी झाली तर श्वासात अडकायला नको म्हणून. त्याला नाही झाली. तिला झाली.

बेटावर झाड नव्हतं. दगडी कुंपणं फोटोतल्यासारखीच, फक्त बाबाच्या छातीपर्यंत उंच, आणि वारा त्यांच्या फटींतून शिट्टी घालत होता. धक्क्यावर घोडागाडी घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे होते आणि पलीकडे सायकली भाड्याने देणारा एक मध्यमवयीन माणूस. आई बाबाला गाडीकडे नेऊ लागली. तो हलेना.

"सायकल," तो म्हणाला.

"मिलिंद, गाडीत बसून बघू आधी."

"सायकल."

"ब्रेक दाबता येत नाही तुला! ऋजू, तू तरी सांग त्याला."

 बाबाने आईकडे बघितलं आणि एकेक शब्द वेगळा काढत म्हणाला, "चढ नाही. उतार नाही. तूच शोधलंस."

वाऱ्याने आईचे केस तोंडावर येत होते, ती ते मागे सारत राहिली. मग ती सायकलवाल्याकडे गेली आणि तिच्या इंग्लिशमध्ये त्याला म्हणाली की सगळ्यांत ठेंगणी सायकल दे. त्या माणसाने बाबाच्या पायांकडे एकदा बघितलं आणि सीट अगदी खाली करून दिली. आम्ही तिघांनी मिळून त्याला वर बसवलं. मी माझी सायकल घेतली. आई घोडागाडीत बसली, गाडी मागून येणार होती.

आणि बाबा निघाला. पहिल्यांदा डगमगत, मी एका हाताने त्याचा खांदा धरून, मग तो म्हणाला, "सोड," आणि मी सोडला. एका बाजूला पांढरी वाळू आणि पाणी, दुसऱ्या बाजूला कुंपणं. उबिनच्यासारखा तो ताठ बसलेला नव्हता, हँडलवर वाकलेला होता, पण जात होता. वाळू संपली तशी दोन्ही बाजूंना भिंती आल्या. तिथे माझी साखळी उतरली. मी खाली उतरून ती चढवली, हात काळे झाले, एका मिनिटाचंही काम नव्हतं, आणि वर बघितलं तर रस्ता रिकामा होता.

घोडागाडी मागे दिसत नव्हती. मी हाक मारली. वाऱ्यात माझी हाक मलाच ऐकू आली नाही. वळण घेतलं, पुढे तसाच रस्ता, तशाच भिंती, कुणी नाही. अजून एक वळण. मला नाला दिसत होता, सिमेंटचा, जो तिथे नव्हताच.

तो तिसऱ्या वळणावर होता. सायकलवरच, भिंतीला डावा खांदा टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर. पुढे रस्ता समुद्राकडे उघडत होता आणि त्याचं तोंड तिकडे होतं. मी जवळ जाऊन थांबले. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते वाऱ्याने की कशाने, मी विचारलं नाही.

"बाबा?"

"उतरता येईना," तो म्हणाला.

किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. पाय वर उचलून दांड्यावरून काढायचा होता, एवढंच काम होतं, आणि ते होत नव्हतं. मी त्याला मिठी मारल्यासारखं धरलं आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. वजन फार नव्हतं. घोड्याच्या टापा ऐकू आल्या. आई गाडी थांबायच्या आत उतरली, पळत आली, खाली वाकून तिने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दोन्ही हातांनी धरला आणि उचलून सायकलीच्या या बाजूला आणला. गाडीवाल्या गृहस्थांनी सायकल खालून काढून घेतली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

त्याला गाडीत बसवलं. आईने आपली शाल त्याच्या पायांवर गुंडाळली आणि त्याच्या अंगाला अंग लावून बसली. "बघितलंस ना?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. घोडा वळला आणि गाडी खोलीच्या दिशेने निघून गेली.

मला सायकली परत करायच्या होत्या. दोन्हींच्या मध्ये उभी राहून, एक हात याच्या हँडलवर, एक त्याच्या, मी त्या ढकलत धक्क्यापर्यंत आणल्या. पेडल पोटरीवर आपटत होतं. सायकलवाल्याने दोन्ही भिंतीला लावून ठेवल्या, माझ्या काळ्या हातांसाठी एक फडकं दिलं, आणि उद्या सकाळी परत हव्यात का म्हणून विचारलं.

"एक," मी म्हटलं.